‘आम्ही खात नाही’चं इंग्रजी

शिरूरच्या माझ्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात दुसऱ्या आठवड्यात जेवणाचा धडा येतो. वर्गात सगळ्या प्रकारची मुलं असतात. रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला असलेली पोरं, आयटीआय करून इंटरव्ह्यू देत फिरणारे, नर्सिंगला ॲडमिशन घेतलेल्या मुली, नवरा पुण्यात आयटीत आहे म्हणून इंग्रजी शिकायला पाठवलेली एखादी नवी सून. इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते, पण जेवणाबद्दल बोलायला कुणी घाबरत नाही. आय लाइक, आय डोन्ट लाइक, आय ईट, आय डोन्ट ईट. सोपा धडा.

त्या धड्यात दर बॅचला एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘वी डोन्ट ईट.’

पूर्वी मी हसायचो. खात नाही तर जगता कसे, असं विचारायचो. वर्गही हसायचा आणि मग मी फळ्यावर दोन चुका दाखवायचो. एक, ईटनंतर कर्म पाहिजे, काय खात नाही ते सांगा. दोन, तुम्ही एकटे बोलताय, मग ‘वी’ कशाला, ‘आय’ म्हणा. आय डोन्ट ईट मीट. झालं दुरुस्त.

हे दहाएक वर्षं केल्यावर एकदा लक्षात आलं की त्या दोन दुरुस्त्यांमध्ये मी मूळ वाक्यातलं सगळंच पुसून टाकत होतो. मराठीत ‘तुम्ही खाता का?’ असं विचारलं तर काय, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे कर्म नसलेलं ‘खाणं’ म्हणजे मटण, मासे, अंडी. आणि ‘आम्ही खात नाही’ मधला ‘आम्ही’ आदरार्थी नसतो. तो खराच अनेकवचनी असतो. आमच्यात खात नाहीत, आमच्या घरात, आमच्या लोकांत. बोलणाऱ्याला स्वतःच्या जिभेबद्दल काही सांगायचं नसतंच. तो कोण आहे ते सांगत असतो.

दुरुस्तीनंतरची पायरी म्हणजे बिकॉज. वाक्य लांबवायला शिकायचं म्हणून मी सांगतो की आता बिकॉज लावा आणि कारण द्या. मग मजा येते. बिकॉज टुडे इज थर्सडे. बिकॉज इट्स श्रावण. बिकॉज माय मदर इज माळकरी. एका मुलानं लिहिलं होतं की तो बोकडाचं खात नाही, फक्त मेंढीचं खातो, बिकॉज बोल्हाई. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या हवेली तालुक्यात वाडेबोल्हाईला देवीचं ठाणं आहे आणि तिला मानणाऱ्या घरांत बोकडाचं मटण शिजत नाही, मेंढीचं चालतं. पुण्यातही ‘बोल्हाईचं मटण’ अशा पाट्या दिसतात. पण याचं इंग्रजी काय करणार? गंमत अशी की इंग्लंडात मटन म्हणजे मोठ्या मेंढीचंच मांस. बोल्हाईच्या भक्ताला तिथे जास्त चौकशी करावी लागणार नाही. आपल्या इंग्रजीत मात्र मटन म्हणजे बहुतेक वेळा बोकड.

आणि एकदा एका मुलानं बिकॉजनंतर सरळ आपल्या जातीचं नाव लिहिलं. आय डोन्ट ईट मीट बिकॉज वी आर अमुक. व्याकरण बरोबर होतं. मी ‘गुड’ म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे गेलो. पुढच्या बाकावर जी मुलगी होती तिनं आपली वही पालथी घातली होती. का, ते मी विचारलं नाही.

इंग्रजीतला ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द आपल्या ‘शाकाहारी’चा जुळा भाऊ आहे असं आपण धरून चालतो. तो तसा नाही. इंग्लंडमध्ये १८४७ साली रॅम्सगेट इथे व्हेजिटेरियन सोसायटी निघाली, ती घरात मांस खाऊन वाढलेल्या आणि मग ते सोडायचं ठरवलेल्या लोकांची. तिथे हा शब्द एका निर्णयाचा आहे. बहुतेक वेळा आईच्या स्वयंपाकाविरुद्ध घेतलेला निर्णय. आपल्याकडे बहुतेक शाकाहारी तो निर्णय घेत नाहीत, त्यात जन्मतात. आईनं जे वाढलं ते खातात, जसे बाकीचे खातात. यात कमीपणा काही नाही, पण मग त्याचं श्रेयही फारसं घेता येत नाही.

आपल्या भाषेत निर्णयाचा शब्द शोधायचा तर तो ‘माळकरी’ आहे. गळ्यात तुळशीची माळ कुणालाही घालता येते, मराठ्याला, धनगराला, माळ्याला, आणि ती घातली की मांस सुटतं. कालपर्यंत जत्रेचं कालवण ओरपणारा माणूस आज स्वतःहून थांबतो. घरातले बाकीचे खात राहतात. फार तर त्याचं भांडं वेगळं होतं, फार तर मटण शिजतं त्या दिवशी तो ओट्यावर जाऊन बसतो. रांजणगावच्या एका कंपनीत लागलेला माझा एक विद्यार्थी माळकरी आहे. कोरियन साहेबानं प्रेमानं पुढे केलेली किमची त्याला नाकारायची होती, कारण तिच्यात बहुतेक वेळा मासळीचं किंवा कोळंबीचं खारवण असतं. त्यानं गळ्यातली माळ दाखवली आणि म्हणाला, ‘सर, आय प्रॉमिस्ड.’ मी शिकवलेलं नव्हतं हे वाक्य. माझ्या सगळ्या बिकॉजपेक्षा ते नीट पोचलं.

आता त्या वही पालथी घालणाऱ्या मुलीबद्दल.

ती शिरूर तालुक्यातल्याच एका गावची. पुढे तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ती खोली शोधू लागली. एजंटनं पाठवलेल्या मेसेजमध्ये भाडं, डिपॉझिट आणि शेवटी ‘ओन्ली प्युअर व्हेज’. त्याखाली इंग्रजीत माहिती भरून पाठवायची होती. ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. काय लिहू सर? तिच्या घरी खातात हे मला माहीत होतं. मी तिला वाक्य लिहून दिलं. आय ॲम अ व्हेजिटेरियन. वर मास्तरकी म्हणून सांगितलं की व्हेजिटेरियनला प्युअर लावायची गरज नसते, अर्धवट व्हेजिटेरियन असा काही प्रकार नाही. ती म्हणाली, ‘सर, पण त्यांना प्युअरच पाहिजे.’ मग मी प्युअर घातलं.

खोली मिळाली. चार महिने तिनं खोलीत अंडंसुद्धा आणलं नाही. गावच्या जत्रेनंतर आईनं डबा दिला, तो तिनं दार लावून खाल्ला, पण वासाला दार लागत नाही. दोन दिवसांत खोली सोडायला सांगितली. परीक्षा तोंडावर होती. शिरूर ते पुणे एसटीनं रोज जाऊन-येऊन तिनं परीक्षा दिली आणि पास झाली. मला भेटायला आली तेव्हा मी ओशाळून काहीतरी बोलायला लागलो. तिनं मला थांबवलं. ‘सर, वाक्य बरोबर होतं.’

मी तिला खोटं बोलायला शिकवलं, ते एक झालं. त्याबद्दल मला वाटतं तेवढं वाईट वाटत नाही. तो मेसेज खरंच स्वयंपाकघराबद्दल असता, म्हणजे ‘आमच्या भांड्यांत मांस शिजवू नका’ एवढंच म्हणणं असतं, तर तिनं आनंदानं हो म्हटलं असतं. चार महिने ती तसं वागलीही. पण तिथे ती काय शिजवणार हे विचारलं नव्हतं. ती कोण आहे हे विचारलं होतं, आणि ते थेट विचारायची लाज वाटते म्हणून जेवणावरून विचारलं होतं. अशा प्रश्नाला खरं उत्तर देण्याचं कर्ज कुणावर आहे असं मला वाटत नाही. मला टोचतं ते वेगळंच. वर्गात तिची वही पालथी झाली तेव्हा मी गप्प राहिलो, आणि नंतर जे पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य मी तिला हातात दिलं ते स्वतःला लपवण्याचं होतं.

‘नॉनव्हेज’ या शब्दाचाही इथे थोडा हिशोब करायला हवा. इंग्रजांच्या बोलण्यात मांस खाणाऱ्याला रोजचं असं नाव नाही, तो नुसता माणूस. हा नॉन आपण लावला. २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या दहातल्या साधारण सात भारतीयांनी आपण मांसाहारी असल्याचं सांगितलं होतं. दहातल्या सातांची ओळख उरलेल्या तिघांच्या नकारावरून ठरते, असा हा शब्द आहे. मी तो वर्गात शिकवतो, कारण इंटरव्ह्यूत आणि कँटीनमध्ये तोच चालतो.

आठवड्यातले तीन दिवस मी शिरूरला असतो आणि दोन दिवस दौंड तालुक्यात केडगावला वर्ग घेतो. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता, मध्ये भीमेवरचा पूल, दोन्ही बाजूंना ऊस आणि हंगामात गुऱ्हाळांचा गोड धूर. केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्या आवारावरून मी वर्षानुवर्षं जातो. त्या खोलीच्या प्रकरणानंतर रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचायला घेतला आणि दिसलं की माझ्या वर्गातला धडा या बाईंनी १४० वर्षांपूर्वीच दिला होता, तोही इंग्रजी शिकता शिकता, इंग्रजांच्या घरात बसून.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वय २५, नवरा वारलेला, बरोबर दोन वर्षांची लेक मनोरमा. वाँटेज गावी अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या. वैद्यकी शिकायचं मनात होतं, पण कानांनी दगा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींची पत्रं आणि त्यांच्याभोवतीचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत छापला आहे. त्यात ईश्वराच्या त्रिविध रूपाबद्दल वाद आहेत, चर्चच्या अधिकाराबद्दल वाद आहेत आणि पाय-पुडिंगबद्दलही वाद आहे. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई मांसाहार करत नव्हत्या. त्या काळच्या इंग्रजी पुडिंगात अंडी असायची, जनावराची चरबीही असायची. सिस्टरना यात जुना जातीचा ताठा दिसला. धर्म बदलला आणि ताट तेच राहिलं, म्हणजे मन पुरतं बदललं नाही, असा त्यांचा संशय.

रमाबाईंनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं, आणि त्याच वेळी ते मला अर्धं वाटतं. त्यांनी आधी टोमणा मारला की तुम्हाला शोधायचाच असेल तर माझा गर्व पुडिंगातही सापडेल, दुधा-भातातही सापडेल आणि मी जाळते त्या कोळशातही सापडेल. मग कबूल केलं की तुम्ही ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता त्यांतून मी पूर्ण सुटलेली नाही. आणि मग उलट विचारलं की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये जाऊन राहिली, तिनं आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत आणि त्या रीतींचा शेजाऱ्यांना त्रासही नसला, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला कसं वाटेल?

लक्षात घ्या, हे कोण बोलतंय. बंगालातल्या ब्राह्मणेतर माणसाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलेली चित्पावन बाई. जातीची जवळजवळ प्रत्येक भिंत जिनं स्वतः ओलांडली, ती एका गोष्टीपाशी थांबली आणि म्हणाली की हे माझं आहे, राहू द्या. शिवाय १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तिनं आई, वडील आणि बहीण उपासमारीनं गेलेली पाहिली होती. अन्न नाकारण्याची किंमत तिला कुणी शिकवायला नको होती.

वर्गात हे उत्तर तपासायला घेतलं तर बिकॉजनंतर ‘ही आमची रीत आहे’ एवढंच येतं. मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देणार नाही. रमाबाईंच्या माहेरचा शाकाहार ज्या सोवळ्यातून आला होता त्याच सोवळ्यावर त्यांनी आयुष्यभर हल्ला केला. सिस्टर जेराल्डिनना जो वास आला तो अगदीच खोटा नव्हता. पुण्याच्या त्या ‘प्युअर’ शब्दात माझ्या विद्यार्थिनीला जो वास येतो तोच तो. आणि तरी ही दोन प्रकरणं मला सारखी वाटत नाहीत. रमाबाईंनी आपल्या ताटाबद्दल नकार दिला होता. त्या मठात पाहुण्या होत्या, आश्रित होत्या, परक्या भाषेत बोलत होत्या, आणि कारण मागणारे राज्यकर्त्यांच्या बाजूचे होते. त्यांनी शेजारच्या सिस्टरच्या ताटातलं पुडिंग उचललं नाही. पुढे शारदासदन काढलं तेव्हाही तिथल्या मुलींना आपापल्या जातीचे खाण्यापिण्याचे नियम पाळायची मुभा त्यांनी ठेवली, स्वतः ख्रिस्ती असून. खोलीच्या मालकिणीचा नकार मात्र दुसरीच्या ताटाबद्दल होता.

स्वतःच्या ताटाला बिकॉज लागत नाही. वास आवडत नाही, आईनं कधी केलं नाही, गुरुवार आहे, काहीही चालतं, किंबहुना काही नसलं तरी चालतं. दुसऱ्याच्या ताटाला हात घालायचा तर मात्र रीत पुरत नाही, तिथे खरं कारण हवं, समोरच्यालाही कारण वाटेल असं. शाळांतल्या अंड्याचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ. विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला, द्यायचंच तर लोकवर्गणीतून द्या असं ठरलं. ज्यांच्या पोरांच्या ताटात केळंच येणार होतं, त्यांच्या हरकतीला दुसऱ्यांच्या पोरांच्या अंड्यापेक्षा जास्त वजन मिळालं. बिकॉजनंतर काय होतं, तर बरंचसं ‘आम्ही खात नाही’. तोच आम्ही, तेच कर्म नसलेलं क्रियापद.

याच्या उलटही या भागात दरवर्षी दिसतं. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम असतो, मग वरवंडला. यवतचे लोक वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात, हंडे भरभरून पिठलं. गावात खाणारे कमी नाहीत. पण त्या दिवशी पाहुणा खात नाही म्हणून गाव खात नाही, आणि कुणाला बिकॉज विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पालखी पुढे जाते आणि गावाचं जेवण पुन्हा गावाचं होतं.

इथपर्यंत मी बऱ्यापैकी समाधानात होतो. आपलं ताट, दुसऱ्याचं ताट, सोपा नियम. मग गेल्या वर्षीच्या एका बॅचला मी ‘व्हीगन’ हा शब्द शिकवला.

शब्दाची गोष्ट छान आहे म्हणून ती मी रंगवून सांगतो. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांना वाटलं की मांस सोडून दूध पीत राहणं पुरेसं नाही. त्यांनी व्हेजिटेरियन शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेतली आणि मधलं काढून टाकलं. डोकं आणि शेपूट ठेवून पोट काढलेला शब्द. दूध, दही, तूप, अंडं, मध, काही नाही. वर्गात हशा. मग चहा? कोरा. उपासाला काय खातात? शेंगदाणे आणि रताळी. आपल्या पुड्यांवरचा हिरवा ठिपका दुधाला आणि मधाला शाकाहारी धरतो आणि अंड्याला मांसाहारी. व्हीगनसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आलं, हेही मी सांगितलं. सगळ्यांना हे श्रीमंतांचं खूळ वाटत होतं, मलाही थोडं तसंच वाटत असावं.

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. पहाटे धारा काढून, डेअरीवर दूध घालून साडेआठच्या वर्गाला येतो. अंगाला गोठ्याचा वास असतो म्हणून मागे बसतो. घरी पाच संकरित गायी. त्यानं विचारलं, ‘सर, त्या लोकांना गोऱ्ह्याचं कुणी सांगितलं?’

शहरातल्या वाचकासाठी सांगतो. गाय दूध देते ती व्यायल्यावर. दर वेळी कालवड होत नाही, जवळजवळ निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. कालवड सांभाळली तर पुढे दूध देईल. संकरित गोऱ्ह्याचं काय करायचं? नांगराला आता ट्रॅक्टर आहे, आणि औताला तसाही खिलार बरा. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंद होतीच, मार्च २०१५ पासून वळू आणि बैलही त्यात आले. म्हणजे गोऱ्हा कामाचा नाही, विकता येत नाही, आणि सांभाळायचा तर दुधाच्या पैशातून. आता मादीच होईल असं वर्गवारी केलेलं वीर्य मिळतं, पण ते महाग पडतं आणि दर वेळी गाभण राहतेच असं नाही. मग एका रात्री गोऱ्हा टेम्पोत घालून लांबच्या रस्त्याला सोडला जातो, किंवा आईखाली पुरेसं दूध पाजलंच जात नाही. हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. हायवेला अंधारात उभं असलेलं जनावर बघून आपण कचकन ब्रेक मारतो तेव्हा बरेचदा हेच असतं.

हिरव्या ठिपक्यात गोऱ्हा दिसत नाही. माझ्या चहात मला तो कधी दिसला नव्हता, आणि पुण्याच्या त्या प्युअर स्वयंपाकघरात पनीर रोज शिजत असणार. वर्गातल्या ज्या मुलाचं घर दुधावर चालतं त्यालाच व्हीगन माणसाचं म्हणणं पहिल्या दमात कळलं. बाकी आम्ही चहाचा विचार करत होतो.

गांधीजींना हा पेच माहीत होता. जास्त दूध काढण्यासाठी गायी-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराबद्दल वाचून त्यांनी दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये दूध सोडलं. पुढे मोठ्या आजारपणात, उठवेना तेव्हा, कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, म्हणून त्यांनी ते घेतलं. आणि आत्मचरित्रात कबूल केलं की व्रताचं अक्षर राहिलं, आत्मा गेला. मला त्यांच्या सुटकेपेक्षा ही कबुली महत्त्वाची वाटते. इंग्रजीचा मास्तर म्हणून अक्षर सांभाळण्यातच माझा सगळा दिवस जातो.

व्हीगन माणसाला माझा ताटाचा नियम मान्य होणार नाही, हे त्या मुलाच्या प्रश्नानंतर मला दिसलं. तो म्हणेल, तुम्ही दोनच ताटं मोजली, आपलं आणि शेजाऱ्याचं. ताटातला तिसरा कुठे आहे? त्याच्यापाशी निदान बिकॉज आहे, आणि तो जातीचा नाही, रीतीचा नाही, जनावराचा आहे. त्याला उत्तर द्यायला मी रीत पुढे करू शकत नाही, कारण रीत पुरत नाही हे मीच म्हणून बसलोय. माझं सध्याचं उत्तर असं की हे कारण खरं आहे, पण ते ज्याच्या गळ्यात पडतं तो माणूस दुधाला मिळणाऱ्या दोन-चार रुपयांच्या फरकावर जगतो. पाच गायींवाल्याला ‘दूध पाप आहे’ ऐकवणारा आणि त्याच्या गोऱ्ह्याचा बाजार बंद करून त्याचंच तूप खाणारा, या दोघांपैकी पहिल्याशी मला निदान बोलता येईल. हे उत्तर नाही, टाळाटाळ आहे, असं कुणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. मी चहा सोडलेला नाही.

त्या दिवशी मी त्याला म्हणालो, इंग्रजीत सांग. तो उभा राहिला. काऊ गिव्ह्ज मिल्क. फॉर मिल्क, काऊ मस्ट हॅव बेबी. इफ बेबी इज बॉय… आणि अडला. ‘सर, सोडून देतो याला काय म्हणायचं?’

मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. लीव्ह, म्हणजे ठेवून जाणं. रिलीज, म्हणजे मोकळं करणं, पिंजऱ्यातलं पाखरू सोडतात तसं. अबँडन, म्हणजे ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे त्याला टाकून देणं. तीन शब्दांतला फरक समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की यातला एकही शब्द त्याला मी निवडून देऊ शकत नाही.

तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘सर, आमचा आप्पा पहिला शब्द म्हणंल. कायद्यावाले दुसरा.’ कुणीतरी हसलं. त्यानं तिन्ही शब्द अर्थासकट उतरवून घेतले. वही तपासायला आली तेव्हा बाकीचं वाक्य पूर्ण होतं आणि शब्दाच्या जागी त्यानं रेघ मारून ठेवली होती. रेघेनंतर ‘इट’ लिहायला हवं होतं, जनावराला इंग्रजीत सहसा इट म्हणतात हे मीच शिकवलं होतं. त्यानं ‘हिम’ लिहिलं होतं. मी लाल पेन उघडलं, आणि सही करून वही परत दिली.